चाळिसावं दुपटं

उगाच आढेवेढे न घेता आधीच सांगून टाकते, मी घरातल्या घरात चोऱ्या करते. मागच्या दिवाळीनंतर आमच्याकडून दोन लुंग्या, एक पलंगपोस, तीन उशांचे अभ्रे आणि निळ्या चौकड्यांचा एक शर्ट नाहीसा झाला. सगळं मीच लांबवलं. शर्ट आमच्या ह्यांचा. हिंगण्याच्या कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट केल्यावर निवृत्तीच्या दिवशी तो ह्यांनी घातला होता, आणि नंतर इतका धुतला की कापड लोण्यासारखं मऊ झालं होतं. असं कापड दिसलं की माझी बोटं शिवशिवतात.

"माह्या शर्टाच्या मागं काहून लागली वं तू?" हे कपाटाला पाठ लावून उभे.

"कॉलर फाटली आहे त्याची."

"कॉलर फाटली. शर्ट थोडीच फाटला!"

दुसऱ्या दिवशी हे बँकेत गेले आणि परत येईपर्यंत शर्टही फाटला. कात्रीनं, सरळ रेषेत. एक बाही तेवढी उरली, ती मी डब्यात ठेवली. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून तो सोडला.

हे सगळं दुपट्यांसाठी चाललं होतं. तान्ह्या बाळाला गुंडाळायची ती हातभर गोधडी. शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात बाळंतिणींचा वॉर्ड आहे. तिथं कोणी घाईत येतं, कोणाकडे बाळाला गुंडाळायला धड कापड नसतं. तिथल्या मुख्य सिस्टरना मी चाळीस दुपटी कबूल केली होती. त्यांच्या अटी तीन. कापड सुती हवं, धुऊन उन्हात वाळवलेलं हवं आणि बटण, हूक, टिकली असलं काही नको. आमच्या हुडकेश्वरच्या कॉलनीत मी हे सगळ्यांना सांगत सुटले होते आणि सगळे मला फार भली बाई समजत होते. मी सांगत होते ते खरंच होतं. पण अर्धंच.

उरलेलं अर्धं जवळच बेसा वस्तीत राहत होतं. माझी मुलगी. छत्तीस वर्षांची, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, आणि तेव्हा तिला सहावा महिना लागला होता. याआधी दोनदा सगळं तिसऱ्या महिन्यातच संपलं होतं. पहिल्या वेळी बातमी कळली त्याच आठवड्यात मी आनंदाच्या भरात एका पिवळ्या साडीचं दुपटं शिवायला घेतलं. समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या होत्या, "बाळ हातात येऊ द्या मॅडम. आधी शिवू नाही काही." मी हसले होते. एकोणतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी. फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढताना माझा खडू कधी अडखळला नाही.

पुढं जे झालं ते झालं. ते पिवळं दुपटं मी एक अख्खी दुपार बसून टाका टाका उसवलं. दुसऱ्या वेळी सुईला हातसुद्धा लावला नाही, तरी तेच झालं. म्हणजे प्रयोगानं सिद्ध झालं की सुईचा आणि बाळाचा काही संबंध नाही. पण तिसऱ्या वेळी माझी हिंमत झाली नाही. मला भीती वाटत होती. आणि हात तर ऐकत नव्हते. मग मी पळवाट काढली. आपल्या बाळासाठी शिवायचं नाही ना? ठीक आहे, दुसऱ्यांच्या बाळांसाठी शिवते. एक नाही, चाळीस! नियमानं कितीही डोळे वटारले तरी त्याला बोट ठेवायला जागा नको.

मुलीला हे कळलं होतं की नाही, कोण जाणे. ती म्हणायची, "आई, मले जुन्याबिन्या कपड्यांचं काही नको. सगळं ऑनलाइन मिळते आजकाल. तेही नंतर पाहू." हे 'नंतर' ती फार जपून उच्चारायची. तिच्या घरात बाळाचा एक मोजा नव्हता. बाळ हा शब्दही ती उच्चारत नव्हती. तपासणी, रिपोर्ट, तारीख, एवढंच.

चाळीस दुपट्यांना माझी एकटीची चोरी पुरणार नव्हती, म्हणून मी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकायचं ठरवलं. आता या ग्रुपवर माझा दरारा आहे. विषय माझा विज्ञान, पण शुद्धलेखनात मी भाषेच्या बाईंचंही ऐकलं नाही कधी. कोणी 'शुभेच्छा'ला 'शुभेछा' लिहिलं की मी लगेच खाली दुरुस्त करून देते. लोक आजकाल मला घाबरून नुसतं हात जोडलेलं चित्र टाकतात. त्या दिवशी हातात सुई होती, म्हणून मी फोनला तोंडानं सांगितलं, "दुपट्यांसाठी जुनं कापड द्यावं." फोननं काय ऐकलं देव जाणे. त्यानं लिहिलं, "दुपट्टे जुने द्यावेत." आणि मी, दुसऱ्यांचे काने-मात्रे मोजणारी, न वाचता पाठवून दिलं.

संध्याकाळपर्यंत ओसरीवर ढीग. जाळीचे दुपट्टे, शिफॉनचे दुपट्टे, जरीचे, टिकल्यांचे, एकाला तर घुंगरू लावलेले. कोणी विचारलं नाही की या वयात मॅडमना इतके दुपट्टे कशाला. बहुधा निवृत्तीनंतर होतं असं काहीतरी, अशी त्यांनी समजूत काढली असावी. सगळ्यात शेवटी गल्लीच्या टोकाचे भाऊ स्कूटरवर दोन पोती घेऊन आले. हे भाऊ नगरसेवकपदासाठी दोनदा उभे राहिले आणि दोनदा पडले, तेही दोन वेगवेगळ्या पक्षांकडून. आमच्याकडे प्रचारात गळ्यात घालतात त्यालाही दुपट्टाच म्हणतात. त्यामुळे एका पोत्यात एका पक्षाचे, दुसऱ्यात दुसऱ्याचे. रंग सांगत नाही, मला याच कॉलनीत राहायचं आहे.

"घ्या मॅडम, पुरे सुती हायेत," भाऊ म्हणाले. "घरातली म्हणे फरशी पुसाले ठेवू. म्हटलं, नाही! मॅडमनं मागतले म्हणजे काही चांगल्याच कामाले लागतीन."

चूक कबूल करणं माझ्या स्वभावात नाही. "हो, हेच हवे होते," मी म्हणाले आणि पोती आत ओढली.

समोरच्या काकू हे सगळं आपल्या फाटकातून बघत होत्या. काकू सत्तरीच्या, उमरेडकडच्या शेतकरी घरातल्या, मुलानं इथं घर बांधलं तेव्हा आलेल्या. गोधडी शिवण्यात त्यांचा हात धरणारं मी तरी कोणी पाहिलं नाही. त्या आल्या, पोत्यात हात घातला, कापड दोन बोटांत चोळलं. "कांजी हाये थोडी. तीन डाव धुतलं की मऊ होते." मग माझ्याकडे बघून बारीक हसल्या. "दुपट्टे मागतले काय तुम्ही?"

"मुद्दाम मागितले."

"हो नं," काकू म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला बसल्या.

पुढचा महिनाभर आमची ओसरी म्हणजे त्यांची शाळा आणि मी त्यातली ढ मुलगी. माझा धावदोरा त्यांना पसंत पडेना. "असा टाका नसते मॅडम. हे काय, पोत्याचं तोंड शिवून राहिल्या का?" खाली मऊ धोतर, मध्ये जुनं पातळ, वर ठिगळं, आणि कडेनं सुरू करून गोल गोल मधोमध यायचं. शेवटी एका कोपऱ्यात बोटभर काळं ठिगळ, दृष्ट लागू नये म्हणून. पहिल्या दोन दुपट्यांवर मी तत्त्व म्हणून काळं लावलं नाही. तिसऱ्यापासून लावलं. का, ते विचारू नका.

आमची बरीचशी दुपटी देखणी झाली. निळ्या चौकड्यांचं तर ह्यांनी स्वतः हातात घेऊन पाहिलं, सुस्कारा सोडला आणि परत ठेवलं. पण भाऊंच्या पोत्यांचं एक दुपटं मी काकू गावाला गेलेल्या असताना एकटीनं शिवलं, आणि ते जरा हुकलं. दोन्ही पक्षांचे चौकोन आलटून पालटून लावले. छापील बाजू आत जाईल अशी काळजी घेतली, पण घाईत मधलाच एक चौकोन उलटा लागला आणि त्यावरची अक्षरं वर आली. मूळ मजकूर 'प्रचंड मतांनी विजयी करा' असा होता. कात्रीत 'प्रचंड मतांनी' गेलं आणि दुपट्याच्या बरोबर मधोमध 'विजयी करा' तेवढं राहिलं.

ह्यांनी त्याचं नाव ठेवलं 'युती'.

काकूंनी परत आल्यावर ते उलटंसुलटं करून पाहिलं. "याले काळं ठिगळ लावायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "दिसालेच असं हाये की दृष्ट जवळ येनार नाही." मी चिडले आणि मुद्दाम लावलं नाही.

चाळीस पूर्ण झाली तो रविवार होता. मुलगी जेवायला आली होती. तिला सांबारवडी खायची होती, म्हणून मी सकाळपासून कोथिंबीर निवडत बसले होते. ती ओसरीवर त्या ढिगापासून चार हात दूर बसली, पाय लांब करून, पोटावर हात ठेवून. एकदाही तिनं दुपट्यांना हात लावला नाही. जाताना तिच्या खांद्याला ऑफिसची मोठी काळी बॅग होती.

"रविवारी कशाला गं ओझं?"

"लॅपटॉप आहे, आई."

मी तिच्या वड्यांचा डबा भरायला आत गेले. बाहेर येईपर्यंत ती फाटकापाशी पोचली होती आणि काकूंशी बोलत उभी होती. जावई गाडी वळवत होते. एवढंच.

सोमवारी मी दुपट्यांचं गाठोडं घेऊन वॉर्डात गेले. सिस्टरनी मोजली. पुन्हा मोजली. "एक कमी आहे मॅडम. एकोणचाळीस."

मी स्वतः मोजली. एकोणचाळीस. आणि नव्हती ती 'युती'.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आयुष्यभर वर्गात हरवलेले कंपास शोधून दिलेली मी, माझ्याच ओसरीवरून चोरी? आधी ह्यांच्यावर संशय घेतला. स्कूटर पुसायला नेलं असेल म्हणून डिकी उघडून पाहिली. मग भाऊंवर. छापील अक्षरं दिसली म्हणून जुन्या पक्षाच्या आठवणीनं व्याकूळ होऊन नेलं असेल. त्यांच्याकडे चहाला जाऊन मी सोफ्याच्या मागेही डोकावून आले. शेवटी सुई येऊन थांबली काकूंवर. त्यांच्या भाच्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती, आणि काकू त्याच सोमवारी पिशवी घेऊन पुन्हा गावाला गेल्या होत्या.

त्या परत आल्यावर मी विचारलं. गोड बोलून विचारलं, पण विचारलं. "काकू, घाईत चुकून एखादं दुपटं तुमच्या पिशवीत तर नाही ना गेलं?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाल्या, "घरात येऊन पाहून घ्या नं मॅडम."

मी गेले नाही. एवढी लाज शिल्लक होती. पण रोज सकाळी गच्चीवर तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं त्यांच्या दोरीवरचे कपडे मात्र डोळ्यांत तेल घालून तपासायची. काकू ओसरीवर यायच्या थांबल्या. मीही हट्टाला पेटले. चोर सापडल्याशिवाय चाळिसावं शिवणार नाही, असं मी जाहीर केलं. ह्यांनी विचारलं, "अन् चोर नाही सापडला तर?"

जानेवारीत, तारखेच्या तीन आठवडे आधी, दुपारी जावयांचा फोन आला. पाणी गेलं आहे, दवाखान्यात नेतोय. आम्ही स्कूटरवर निघालो. हे चाळिसाच्या वर वेग नेत नाहीत आणि मी मागून त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. दवाखान्याच्या बाकावर तीन तास बसलो. मी विज्ञानाची शिक्षिका, त्या तीन तासांत कुठल्या कुठल्या देवांना काय काय कबूल केलं ते अजून फेडते आहे. जावई भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला फक्त एवढंच हवं होतं की आतून आवाज यावा.

आवाज आला. बारीक, चिडलेला. माझ्या जिवात जीव आला, आणि तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली.

"मुलगी आहे, दोघी ठीक आहेत. बाळाले गुंडाळाले जुनं सुती कापड द्या. धुतलेलं. लवकर."

मी उभी राहिले आणि तशीच राहिले. चाळीस दुपटी शिवणारी बाई! हातात नवी पर्स, तिच्यात रुमाल आणि चष्मा. नियम पाळायचा म्हणून घरातून एक चिंधी आणली नव्हती. माझा हात पदराकडे गेला. बाजूला हे शर्टाची बटणं काढायला लागले होते.

"हे चालेल का?" जावई म्हणाले. त्यांनी ती काळी बॅग उघडली होती. आत लॅपटॉप नव्हता. 'युती' होती, घडी घातलेली, धुतलेली, इस्त्री केलेली.

दहा मिनिटांनी माझी नात माझ्या हातात आली. लालबुंद तोंड, मुठी आवळलेल्या, आणि पोटावर ठळक अक्षरांत 'विजयी करा'. मी रडले. डोळे पाणावले वगैरे नाही, चक्क भोकाड पसरलं.

ह्यांनी वाकून वाचलं. "बापा! आल्या आल्या कोन्या पक्षात घातली वं पोरीले?"

मुलीला खोलीत आणल्यावर मी तिच्या उशाशी बसले. रागवायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. "तूच नेलंस?"

"तू माह्यासाठी शिवलं नाही," ती डोळे मिटून म्हणाली. "मी माह्यासाठी आणलं नाही. चोरलं. चोरीले कोणता नियम लागते, आई?"

"पण तेच कशाला? चांगली एकोणचाळीस होती."

"त्याच्यावर लिहिलं होतं नं," ती म्हणाली, आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं. ते मी पदरानं पुसलं. माझ्या मुलीलाही माझ्याएवढीच भीती वाटत होती आणि ती भीती ती इतके दिवस बॅगेत घेऊन हिंडत होती. हे मला दिसलं नव्हतं. मी दुसऱ्यांच्या दोरीवरचे कपडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा डबा घेऊन मी समोरच्या फाटकात उभी राहिले. महिन्याहून जास्त काळ झाला होता त्या घरात पाऊल टाकून. काकू अंगणात गहू निवडत होत्या. चूक कबूल करणं माझ्या स्वभावात नाही हे आधी सांगितलंच आहे, त्यामुळे मला बरीच सुरुवात करावी लागली. "काकू, ते दुपटं सापडलं. म्हणजे, ते तुम्ही... मी तुमच्यावर जो..."

"पोरगी झाली नं?" काकू म्हणाल्या. "कशी हाये? वजन किती?"

"पावणेतीन. काकू, ते दुपटं माझ्या मुलीनंच नेलं होतं."

"माहीत हाये मले."

मी डबा खाली ठेवला.

"तिच्यानं बॅगची चेन लागून नोहोती राहिली," काकू सूप बाजूला सारत म्हणाल्या. "दुपटं जाड झालं होतं तुमच्या त्या टाक्यानं. फाटकात उभी राहून रडाले आली पोरगी. मीच लावून देल्ली चेन."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही? मी तुम्हाला चोर ठरवलं. रोज गच्चीवरून तुमची दोरी तपासत होते मी!"

"हो नं, दिसत होतं मले. म्हणून तर मी सारं नीट पसरवून वाळू घालत होती. चादरबी अन् पातळबी. म्हटलं, मॅडमले तिथून दिसलं पाह्यजे." त्या जराशा हसल्या आणि मग हसू मावळलं. "तुम्हाले सांगतलं असतं तं तुम्ही तिले काही बोलल्या असत्या. मंग ते तिच्यासाठीच झालं असतं. मनात म्हटलं, बाळ हातात येऊ द्या. महिनाभर मी चोर राहिली तं काय बिघडते?"

मी त्यांचा हात धरला. गव्हाचे दाणे चिकटलेला, सुईनं बोटाच्या टोकांना घट्टे पडलेला हात. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला आणि मग सोडवून घेतला.

"आता पेढा द्या," काकू म्हणाल्या. "अन् घरी जाऊन भाऊजीच्या त्या शर्टाची बाही आना. सिस्टरले एक द्यायचं राह्यलं हाये नं आपलं."